सिंड्रोमच्या नावावर ऑपरेशन अडू नये

जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाला जोडीला डाऊन सिंड्रोम (एकविसावं गुणसूत्र जादा असल्यानं येणारी जन्मजात अवस्था) किंवा तसंच काही असेल, तर त्याच्या हृदयाचं ऑपरेशन करावं का, हा वाद अधूनमधून उफाळतो आणि दर वेळी त्याच दोन टोकांना जाऊन थांबतो. एक बाजू विचारते, असं मूल जगवून कुणाचं भलं होणार? आईवडिलांना जन्मभराची काळजी, बाळाला नळ्या आणि टाके, शिवाय तीच खाट आणि तेच सर्जन दुसऱ्या एखाद्या मुलाच्या कामी आले असते. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक जीव अमोल आहे, विज्ञान एवढं पुढं गेलंय, ऑपरेशन करून टाका. दोन्ही बाजूंना बाळाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, बघायची गरजच पडत नाही. सिंड्रोमचं नाव कानावर आलं की दोघांचाही निकाल तयार असतो. मला हे मान्य नाही. सोबतच्या आजाराचं नाव हे उपचार नाकारायला पुरेसं कारण होऊ शकत नाही. त्या आजाराची माहिती हवी ती ऑपरेशन कधी करायचं, कसं करायचं, नंतर कशावर लक्ष ठेवायचं हे ठरवण्यासाठी. आणि ऑपरेशन करू नये असं ठरायचंच असेल, तर ते समोरच्या बाळाच्या हृदयाकडे, फुप्फुसांकडे आणि त्याच्या एकंदर अवस्थेकडे बघून ठरावं.

आधी या प्रश्नाचा आवाका पाहू. जगात जन्मणाऱ्या साधारण शंभर बाळांपैकी एकाच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, आणि अशा बाळांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला हृदयाबाहेरही एखादी अडचण असते. ही केवळ दुर्दैवाची भर नव्हे, त्यामागे कारण आहे. गर्भाचं हृदय पहिल्या आठ आठवड्यांत आकाराला येतं आणि त्याच काळात टाळू, अन्ननलिका, मूत्रपिंडं, हातपाय हेही घडत असतात. भावी मज्जारज्जूच्या कडेपासून निघालेल्या पेशींचा एक समूह हृदयाकडे सरकतो आणि तिथून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या वेगळ्या करण्याच्या कामाला लागतो. याच पेशी चेहरा आणि टाळू घडवतात, प्रतिकारशक्ती घडवणारी थायमस ग्रंथी आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी घडायलाही मदत करतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक बारीकसा तुकडा गळालेला असला की म्हणूनच हृदयदोष, फाटलेला टाळू, कमी कॅल्शियम आणि दुबळी प्रतिकारशक्ती एकाच बाळात भेटतात. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येऊ लागली. त्यांतल्या अनेकांना हृदयदोषही होता आणि बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हृदयदोषाचं एक कारण शोधलं, कारण त्यांनी अख्खं बाळ पाहिलं. हृदय एकीकडे आणि 'बाकीचं' दुसरीकडे अशी विभागणी आपल्या सोयीची आहे, निसर्ग ती पाळत नाही.

आता ज्या उदाहरणावर हा वाद सर्वाधिक झाला ते घेऊ. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांना हृदयदोष असतो. त्यांतला खास ओळखीचा दोष म्हणजे हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यांना मधोमध मोठं भगदाड आणि दोन झडपांच्या जागी एकच सामाईक झडप. यात डाव्या बाजूचं रक्त जोरानं उजवीकडे घुसतं आणि फुप्फुसांना पेलवणार नाही एवढ्या दाबानं तिकडे जातं. काही महिने हा मारा सोसल्यावर फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतून बुजत जातात. शेवटी दाब इतका वाढतो की प्रवाह उलटा फिरतो, अशुद्ध रक्त थेट शरीरात जाऊ लागतं आणि मूल निळं पडतं. व्हिएन्नाचे व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ मध्ये अशा रुग्णाचं वर्णन केलं, आणि आज ही अवस्था त्यांच्याच नावानं ओळखली जाते. एकदा ती गाठली की भगदाड बुजवून उपयोग नसतो, उलट ते बुजवणंच जिवावर बेततं. डाऊन सिंड्रोममध्ये फुप्फुसांची ही हानी इतर मुलांपेक्षा लवकर होते. कित्येकदा पहिल्या वाढदिवसापर्यंतच ती हाताबाहेर जाते, आणि म्हणून आता ऑपरेशन साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात करतात.

काही दशकांपूर्वी काय होत होतं? या मुलांना 'थोडं मोठं होऊ द्या, मग बघू' असं सांगितलं जाई किंवा काहीच सांगितलं जात नसे. मूल दोन-तीन वर्षांचं होऊन परत येई तेव्हा फुप्फुसं बिघडलेली असत. मग फाइलवर शेरा पडे की ऑपरेशनयोग्य नाही. अशा फाइलींचा ढीग झाला की त्यावरून निष्कर्ष निघे की डाऊन सिंड्रोमच्या मुलांना हृदयाच्या ऑपरेशनचा फारसा फायदा होत नाही. या वादाची सगळ्यात मोठी मेख मला इथे दिसते. उपचार न दिल्यानं जे घडलं, तेच उपचार न देण्याचं कारण म्हणून पुढं केलं गेलं. १९८५ मध्ये लंडनच्या काही हृदयतज्ज्ञांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात गंभीरपणे मांडलं होतं की ऑपरेशनमधला मृत्यूचा धोका पाहता या दोषासह डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांना औषधांवर सांभाळणं अधिक बरं ठरेल. त्यांना निर्दयी म्हणणं अन्यायाचं होईल. त्या वेळी हे ऑपरेशन खरोखरच धोक्याचं होतं आणि ते समोरच्या आकड्यांशी प्रामाणिक होते. पण धोका जास्त होता तो ऑपरेशनचा, आणि तो सगळ्याच मुलांना होता. मग प्रश्न फक्त डाऊन सिंड्रोमच्या मुलांबाबतच का विचारला गेला? इतरांच्या बाबतीत हाच धोका तंत्र सुधारण्याचं निमित्त ठरला. पुढे तंत्र सुधारलं, ऑपरेशनचं वय अलीकडे आलं, आणि आज या दोषाच्या दुरुस्तीत डाऊन सिंड्रोमच्या बाळांना मृत्यूचा धोका इतरांहून अधिक नाही. डाव्या झडपेसाठी पुन्हा ऑपरेशन करायची वेळ तर काही अभ्यासांत त्यांच्यावर कमीच आलेली दिसते. अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मृत्यूचं मध्यक वय १९८३ मध्ये २५ होतं, १९९७ मध्ये ते ४९ झालं. या वाढीचं सगळं श्रेय हृदयाच्या ऑपरेशनला देता येणार नाही. पण या चौदा वर्षांत गुणसूत्र तेच राहिलं होतं, बदलली होती ती आपली वागणूक.

आजचा निकाल उद्याचा कायदा समजण्याची सवय वैद्यकाला जुनी आहे. १९४४ पर्यंत 'निळ्या बाळांसाठी', म्हणजे हृदयदोषामुळे फुप्फुसांकडे पुरेसं रक्त न जाऊन निळ्या पडणाऱ्या बाळांसाठी, करण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेतल्या बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांनी फुप्फुसांकडे जादा रक्त वळवण्याची कल्पना आधी बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांच्याकडे नेली. १९३८ मध्ये हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बांधून इतिहास घडवणाऱ्या या सर्जननाही ती पटली नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सर्जन आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ते ऑपरेशन केलं. प्रयोगशाळेत ते तंत्र घडवणारे व्हिव्हियन थॉमस त्यांच्या पाठीशी उभे राहून सूचना देत होते. पहिली मुलगी काही महिन्यांनी गेली. तेवढ्यावरून निकाल लावला असता तर? १९५४-५५ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी मुलाचा रक्तप्रवाह मोठ्या माणसाच्या, बहुतेकदा आई किंवा वडिलांच्या, रक्तप्रवाहाला जोडून हृदय उघडलं. ४५ रुग्णांपैकी २८ जण वाचले. सतरा गेले हे विसरून चालणार नाही, पण त्या काळी त्या दोषांवर दुसरा इलाज नव्हता हेही विसरून चालणार नाही. हे सगळं घडलं कारण त्या मुलांना आपण 'आपली' मानलं. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात डाऊन सिंड्रोमच्या एका नवजात बाळाची बंद अन्ननलिका दुरुस्त करायची नाही असं ठरलं आणि ते सहा दिवसांत गेलं. ऑपरेशन तेव्हा माहीत होतं, होण्यासारखं होतं, इतर बाळांवर होतही होतं. या बाळाला गुणसूत्र आडवं आलं.

आता विरोधी बाजूच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळून पुढं जाणं बरोबर नाही. सगळे सिंड्रोम सारखे नसतात आणि सगळे हृदयदोषही सारखे नसतात. ट्रायसोमी १८ मध्ये, म्हणजे अठरावं गुणसूत्र जादा असलं की, बहुतेक बाळं पहिल्या वर्षातच जातात. त्यांचा मृत्यू नेहमी हृदयामुळे होतो असंही नाही. श्वास अचानक थांबणं हे मोठं कारण असतं आणि हृदयातलं छिद्र बुजवून ते थांबत नाही. एकच काम करणारा खालचा कप्पा असलेल्या हृदयावर टप्प्याटप्प्यानं दोन-तीन ऑपरेशनं करावी लागतात. डाऊन सिंड्रोमसोबत हा दोष असला तर धोका खरोखरच जास्त असतो, कारण शेवटच्या टप्प्यानंतर रक्त कुठल्याही पंपाशिवाय फुप्फुसांतून वाहायचं असतं आणि तिथला दाब थोडा जरी वाढलेला असला तरी सगळी रचना कोलमडते. अशा बाळाला महिनोन्‌महिने अतिदक्षता विभागात ठेवणं, घशात नळी, आईच्या कुशीऐवजी यंत्रांचा गराडा, हे सगळं 'आम्ही सर्व काही केलं' या समाधानासाठी करायचं का? हा प्रश्न विचारणाऱ्याला मुलांचा वैरी ठरवणारे लोक बाळाच्या वेदनेकडे पाठ फिरवतात. न करणं हाही कधी कधी योग्य आणि मायेचा निर्णय असतो.

पण हे मान्य केल्यावर नेमकं काय सिद्ध होतं, ते नीट बघा. वरच्या परिच्छेदातलं प्रत्येक कारण शरीराबद्दलचं आहे. फुप्फुसांचा दाब, श्वासाची अनियमितता, कप्प्यांची संख्या, टप्प्यांची जोखीम. ही तपासून पाहता येणारी कारणं आहेत आणि एकाच सिंड्रोमच्या दोन बाळांत त्यांची उत्तरं वेगळी येतात. ट्रायसोमी १८ च्या काही बाळांवर अमेरिका आणि जपानमधल्या केंद्रांत हृदयाची ऑपरेशनं झाली आहेत, आणि त्यांतली बरीचशी घरी गेली, अधिक काळ जगली अशी नोंद आहे. त्या बाळांची निवडच मुळात तुलनेनं तगड्यांमधून झाली असणार, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा इमला चढवू नये. तरी एवढं त्यांतून नक्की कळतं की 'या नावाचं बाळ म्हणजे ऑपरेशन व्यर्थ' हे सरसकट वाक्य चुकीचं आहे.

अपुऱ्या साधनांचा मुद्दाही खरा आहे. बालहृदयशल्यचिकित्सक जगात कुठेच मुबलक नाहीत, अतिदक्षतेच्या खाटा मोजक्या असतात आणि रांगेत थांबलेली मुलं थांबता थांबता दगावतात. कुणाला तरी आधी घ्यावं लागणारच. मात्र आधी कोण हे ठरवायचा न्याय्य निकष कोणता? कुणाला तातडीनं गरज आहे आणि कुणाला फायदा होण्याची शक्यता किती, हे दोन निकष वैद्यक सगळीकडे वापरतं आणि दोन्हींवर डाऊन सिंड्रोमचं, दोन्ही कप्प्यांत भगदाड असलेलं चार महिन्यांचं बाळ रांगेत वर येतं. त्याच्याकडे वेळ इतरांपेक्षा कमी आहे आणि दुरुस्ती टिकण्याची शक्यता चांगली आहे. ज्यांना त्याला खाली ढकलायचं आहे त्यांना तिसराच निकष आणावा लागतो, की हे मूल मोठं होऊन समाजाच्या किती उपयोगी पडेल. तो निकष त्यांनी उघडपणे मांडावा आणि मग तो वृद्धांना, अपघातात मेंदूला इजा झालेल्यांना, सगळ्यांनाच लावून दाखवावा.

खरं तर हा निकष त्यांच्या 'धडधाकट' मुलांनाही पेलणारा नाही. गंभीर हृदयदोष असलेल्या, पण कुठलाही सिंड्रोम नसलेल्या मुलांच्या मेंदूचं काय होतं हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झालं आहे. डाव्या बाजूचं हृदय खुरटलेल्या किंवा मोठ्या रक्तवाहिन्या उलटसुलट जोडल्या गेलेल्या बाळांचा मेंदू गर्भातच पुरेसा प्राणवायू न मिळाल्यानं मागं पडतो. पूर्ण दिवसांचं बाळ असलं तरी त्याचा मेंदू सरासरी महिनाभर आधीच्या अवस्थेतला दिसतो. पुढे शाळेत लक्ष न टिकणं, कामाची आखणी न जमणं, भाषेत आणि हालचालींत मागं राहणं अशा अडचणी या मुलांत बऱ्याच आढळतात. म्हणजे 'फक्त हृदयाचा' दोष आणि 'बुद्धीचाही' दोष यांच्यामध्ये जी जाड रेघ ओढली जाते ती प्रत्यक्षात नाहीच. मग शिकण्यात अडचण येणार म्हणून एका मुलाला नाकारायचं आणि तशीच अडचण येऊ शकणाऱ्या दुसऱ्याला घ्यायचं, हे कुठल्या तर्कात बसतं? उरतो फक्त चेहरा. एकाची अडचण जन्मताच चेहऱ्यावर दिसते, दुसऱ्याची शाळेत गेल्यावर.

'ऑपरेशन करून टाका' म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे आणि ते लहान नाही. हृदय दुरुस्त झालं की मूल बरं झालं, हा समज सोबतच्या आजारांकडे काणाडोळा करतो आणि त्याची किंमत मूलच मोजतं. बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नसलेल्या बाळाला ऑपरेशनमध्ये रक्त द्यायचं असेल तर ते किरणोत्सर्ग देऊन घेतलेलं असावं लागतं, नाही तर दात्याच्या पांढऱ्या पेशी त्या दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या बाळावरच उलटू शकतात. त्याच रक्तात ते गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट मुळातच कमी असलेलं कॅल्शियम आणखी खाली ओढतं. हे आधी ठाऊक असलं तर सहज सांभाळता येतं, ठाऊक नसलं तर उत्तम टाके घातलेलं हृदयही गोत्यात येतं. विल्यम्स सिंड्रोममध्ये महाधमनी झडपेच्या वर अरुंद असते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही बाधित असू शकतात. अशा मुलाला साध्या तपासणीसाठी भूल देतानाही हृदय अचानक बंद पडू शकतं, म्हणून भूलतज्ज्ञाला ते नाव आधी कळलंच पाहिजे. महाधमनी आकुंचित असलेल्या मुलीची गुणसूत्रं तपासली तर टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) वेळेवर सापडतो, उंचीसाठी उपचार मिळतात आणि मोठेपणी महाधमनी फाटण्याच्या धोक्यावर नजर ठेवता येते. अवयवांची डावी-उजवी मांडणी बिघडलेल्या बाळांत प्लीहाच नसू शकते. त्यांना वेळेवर लशी आणि प्रतिजैविकं मिळाली नाहीत, तर हृदयातून वाचलेलं बाळ साध्या जंतुसंसर्गानं जातं. एकाच कप्प्यावर चालणाऱ्या हृदयाची मुलं तरुण होतात तेव्हा यकृत तक्रार करू लागतं, कारण वर्षानुवर्षं शिरांमधला दाब वाढलेला असतो. आणि बाविसाव्या गुणसूत्राच्या त्याच दोषात मोठेपणी साधारण चौघांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया होतो. त्या वयात त्याला सांभाळणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या हाती लहानपणीच्या ऑपरेशनचे आणि तपासण्यांचे कागद किती ठिकाणी पोहोचतात?

म्हणजे सोबतच्या आजाराचं नाव मला पुसायचं नाही. ते लवकर, शक्यतो ऑपरेशनच्या आधी कळावं, यासाठी जनुकीय तपासणी हृदयविभागाच्या नेहमीच्या कामाचा भाग व्हायला हवी. पण त्या नावाची बातमी आईवडिलांना कशी दिली जाते, यावर पुढचं बरंच ठरतं. इको करणाऱ्या तज्ज्ञानं आधी गुणसूत्राचं नाव घेतलं, मग जड आवाजात 'तुम्ही तरुण आहात' असं म्हटलं आणि ऑपरेशनचा उल्लेख अगदी शेवटी केला, तर निर्णय आईवडिलांनी घेतला असं कागदावर दिसेल, प्रत्यक्षात तो आधीच झालेला असेल. लंडनच्या दोन प्रसिद्ध हृदयरुग्णालयांबाबत डाऊन सिंड्रोमच्या मुलांच्या पालकांनी नेमकी अशीच तक्रार केली होती आणि त्यावर स्वतंत्र चौकशी बसवावी लागली. तिचा अहवाल २००१ मध्ये आला. आईवडिलांना नकार द्यायचा हक्क हवा, यात मला शंका नाही. पण तो नकार त्या बाळाच्या धोक्याचे खरे आकडे आणि तसंच मूल वाढवलेल्या एखाद्या कुटुंबाशी बोलणं, या दोन्हींनंतरचा असावा. प्रौढांच्या वाट्यालाही हेच येतं. कॅलिफोर्नियात डाऊन सिंड्रोम असलेल्या एका स्त्रीला हृदय-फुप्फुस प्रत्यारोपण आधी नाकारलं गेलं, कारण प्रत्यारोपणानंतरची काटेकोर औषधयोजना तिला पाळता येणार नाही असं गृहीत धरलं गेलं. लोकांनी आवाज उठवल्यावर १९९६ मध्ये तेच प्रत्यारोपण झालं.

आता व्यवस्थेबद्दल, कारण नुसत्या सहृदयतेवर सोडलं तर हे बदलणार नाही. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयात १९९१ ते १९९५ या काळात वर्षाच्या आतल्या हृदयरुग्ण बाळांपैकी अपेक्षेपेक्षा तीस ते पस्तीस अधिक दगावली, हे इयन केनेडी यांच्या चौकशीत उघड झालं. त्यानंतर प्रत्येक केंद्राचे मृत्यूचे आकडे जाहीर करण्याची रीत तिथे पक्की झाली, आणि ते योग्यच झालं. पण यातून एक नवा मोह तयार होतो. आकडे चांगले दिसावेत म्हणून अवघड बाळ टेबलावर घ्यायचंच नाही. ब्रिटनमध्ये त्यावर उपाय म्हणून जोखीम मोजताना बाळाचे इतर दोषही हिशेबात धरले जातात, म्हणजे अवघड बाळ घेणारं केंद्र विनाकारण बदनाम होत नाही. तेवढंही पुरेसं नाही, कारण या सगळ्या नोंदींत ज्यांच्यावर ऑपरेशन झालं तीच बाळं मोजली जातात. ज्यांना 'नको' म्हटलं गेलं ती कुठल्याच तक्त्यात नसतात, त्यामुळे त्यांच्याबाबतची चूक कुणाच्या खात्यावर पडत नाही. प्रत्येक हृदयविभागानं तपासलेल्या सगळ्या बाळांची यादी ठेवावी. ऑपरेशन न ठरलेल्या प्रत्येक बाळापुढे शारीरिक कारण लिहावं, निर्णय कुणी आणि कुठल्या बैठकीत घेतला ते लिहावं आणि वर्षाकाठी ही यादी बाहेरच्या तज्ज्ञांपुढे ठेवावी. कारणाच्या रकान्यात नुसतं सिंड्रोमचं नाव असेल, तर तो निर्णय परत पाठवून त्या बाळाचा इको पुन्हा काढायला सांगावा.